रेडिएटरमधली हळद

आमच्या भागात गाडीची ताकद धुरावरून मोजतात. सायलेन्सरमधून काळाकुट्ट लोट निघाला आणि मागच्या मोटारसायकलवाल्यानं तोंडाला रुमाल लावला, की मालक खूश. मग चार दिवस सगळ्यांना सांगत फिरणार, लई पळते म्हणून. खरं तर तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ताटात अर्धं अन्न उष्टं टाकायचं आणि मी किती जेवतो बघा म्हणायचं, तसला हा प्रकार. हे मी वसमतमध्ये इतक्या लोकांना समजावलंय की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मला राग आलेला असतो.

माझं काम डिझेल गाड्यांची ताकद वाढवायचं. नव्या इंजिनात किती डिझेल कधी सोडायचं आणि टर्बोनं किती हवा दाबायची, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. कंपनी त्याला जरा हात राखून वागायला शिकवते, कारण तीच गाडी काश्मिरातही चालायची असते आणि कळमनुरीतही. मी लॅपटॉप जोडते आणि त्यातले आकडे त्या एका इंजिनाला सोसतील इतकेच बदलते. याला मॅपिंग म्हणतात. आमच्याकडे 'गाडीला कॉम्प्युटर मारला' म्हणतात. नीट केलं तर गाडी ओझं सहज ओढते, दाबली की लगेच उचलते आणि धूर काढत नाही. धूर काढत नाही म्हणून काही गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात, त्याला माझा इलाज नाही.

दुकान मूळचं बाबांचं. डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं, एका शटरचं. काळ्या-पिवळ्या जीपा जोरात होत्या तोवर बाहेरच्या बाकड्यावर बसायला जागा नसायची. सेनगावपासून माणसं पंप पिशवीत घालून एसटीनं यायची. मग गाड्या बदलल्या, जुने पंप गेले आणि बाबांचं टेस्टिंगचं मशीन चादरीखाली गेलं. मी तेव्हा डिप्लोमा करून पुण्यात एका मॅपिंगवाल्याकडे कामाला होते. आईनं फोनवर सहज सांगितलं, की मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण शटर भाड्यानं मागतोय आणि बाबा हो म्हणणार आहेत. मी ती नोकरी सोडून परत आले. बाबांना म्हटलं, एक वर्ष मला द्या, नाही जमलं तर खुशाल कव्हरं विकू द्या त्याला.

"घे," बाबा म्हणाले. "पण लोक पोरीच्या हातात गाडी देतील का, ते मला इचारू नको."

त्यांनी विचारू नको म्हटलं खरं, पण उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. गाडी घेऊन आलेला माणूस माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, मेस्तरी कुठं गेले? मीच मेस्तरी म्हटलं, की त्याला अचानक दुसरं काम आठवायचं. वर्ष संपत आलं तरी बाकडं काही भरलं नव्हतं. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण कव्हरंवाला मधूनमधून चहाला येऊन बसायचा. तो दिसला की माझं डोकं फिरायचं.

बाबांनी माझ्या कामात लुडबुड केली नाही. त्यांचा आग्रह एकाच गोष्टीचा. गाडी तयार झाली की पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ते बॉनेटवर ठेवायचे आणि इंजिन चालू करून पाणी किती थरथरतं ते बघायचे. मग पांढरा रुमाल सायलेन्सरपुढे धरायचे आणि तो काळा झाला का ते तपासायचे. हे झालं की गाडीत पोती भरून ती चढावर न्यायची. त्याशिवाय किल्ली मालकाच्या हातात द्यायची नाही. "रिकामी गाडी खोटं बोलते," असं ते म्हणत. मला त्यांचा पेला जुनाट वाटायचा, पण चढाची गोष्ट पटत होती.

आणि मग मामा आले.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, कुरुंद्याचे. हळदीचे शेतकरी. आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरी भाकरी थापणारीनं ओ द्यावी. माझ्या आयुष्यात या माणसाला मोठी जागा होती. मी मेकॅनिकलला जाते म्हटल्यावर घरात बैठक बसली होती. पोरीच्या नखात काळं तेल राहणार, उद्या कोण करून घेणार, असं बरंच काही बोललं गेलं. तेव्हा मामा भरल्या बैठकीत म्हणाले होते, "बाबासायबानं आपल्या पोरींना शिका म्हणून सांगितलं, त्यात इंजन सोडून शिका असं कुठं म्हणलं?" बैठक तिथंच उठली. दुसऱ्या आठवड्यात ते पान्यांचा एक अख्खा संच घेऊन आले. त्या पान्यांनी मी अजून काम करते.

तर असे मामा आपली सात सीटची जुनी डिझेल गाडी घेऊन आले, उतरले आणि मला म्हणाले, "पोरी, कॉम्प्युटर मार. त्याच्या काचंवर काळा थर बसला पायजे."

'तो' म्हणजे त्यांचा बांधाचा शेजारी. दोघांचा बांधाला बांध लागून, त्यामुळे वैर वडिलोपार्जित. बांध कोणी कोरला यावरून सुरू झालेलं भांडण आता कोणाच्या लेकराला जास्त मार्क पडले इथवर आलं होतं. त्या शेजाऱ्यानं नवी पांढरी गाडी घेतली होती. मामींना आणि नातवंडांना घेऊन मामा चालले असताना हॉर्न वाजवत तो त्यांच्या पुढं निघून गेला होता. मामांच्या हे फार जिव्हारी लागलं होतं.

"काळा थर पायजे असंल तर चुलीवर बसवा त्याला," मी म्हटलं. "गाडी पळवायची असंल तर मी करते. धूर न्हाई निघणार."

"धूर न्हाई तर त्याला कळंल कसं?"

"पुढं गेल्यावर कळंल."

हे त्यांना पटलं. मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. ताकद वाढवली की इंजिनात उष्णता वाढते, त्यामुळे पाण्याची आणि रेडिएटरची चौकशी मी सगळ्यात आधी करते. पाणी कमी होतं का? रेडिएटर कधी गळला होता का? काटा वर चढतो का? मामांनी हात उडवला. "छ्या! काहीच तकलीफ न्हाई. वाघ हाय वाघ." मी झाकण उघडून पाहिलं. आत नवंकोरं हिरवं कूलंट होतं. नंतर कळलं, की ते त्यांनी आदल्याच दिवशी बदलून घेतलं होतं. पाहुणे बघायला येणार म्हणून घर सारवून घ्यावं तसं.

मी मन लावून काम केलं. आपल्या माणसाची गाडी आणि मामांचा आवाज. ही गाडी पळाली तर अख्ख्या कुरुंद्याला कळणार आणि कुरुंद्याला कळलं की बाकडं भरणार, हे मला दिसत होतं. रिकाम्या रस्त्यावर फेरी मारली. गाडी झकास उचलत होती आणि तापमान जिथं हवं तिथंच होतं. मामांनी स्वतः चालवून पाहिली आणि ते खाली उतरले ते छाती फुगवूनच. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ही म्हण कुरुंद्यातच जन्मली असणार, असं माझ्या मनात आलं.

"पाव्हणं, पोती भरून चढावर न्यायची राह्यली," बाबा म्हणाले.

"दाजी, आता कुठं चढ! साखरपुड्याला जायचंय, पोरीची मामी तिकडं वाट बघून राहिली."

बाबांचा नियम सगळ्या वसमतला लागू होता, बायकोच्या भावाला नव्हता. त्यांनी किल्ली दिली. मी मात्र खिडकीपाशी जाऊन बजावलं, की मामा, एकदा परत या, तोवर माल भरू नका आणि रेटू नका. ते "व्हय, व्हय" म्हणाले. हे 'व्हय, व्हय' माझ्या ओळखीचं होतं. आमच्याकडे ज्याला ऐकायचं नसतं तो दोनदा व्हय म्हणतो.

पुढं झालं ते असं. हळदीचा हंगाम संपत आला होता, ऊन तापलं होतं. मामांनी मागच्या जागेत हळदीच्या बेण्याची पोती टाकली, पुढं पाहुणे बसवले आणि आखाडा बाळापूरच्या बाजाराला निघाले. रस्त्यात पुढं ती पांढरी गाडी दिसली. मग काय! मामांनी पाय दाबला आणि गाडी खरंच गेली पुढं, भरल्या ओझ्यानिशी. मामांनी हॉर्नसुद्धा वाजवला म्हणे. पुढच्याच चढावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी थांबली. मागून पांढरी गाडी आली. शेजारी खाली उतरला आणि त्यानं फार गोड आवाजात विचारलं, "काय झालं हो? पाणी देऊ का?"

त्या पाण्यानं सगळा घोटाळा केला. नुसती गाडी बंद पडली असती तर मामांनी ते सोसलं असतं.

आम्हाला फोन आला. बाबा आणि मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा भोवती बरीच माणसं जमली होती. पाहुणे लिंबाच्या सावलीला बसले होते. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहून सांगत होते, "चांगली वाघासारखी गाडी होती. कॉम्प्युटर मारला आन् इंजन जाळलं." मला बघून त्यांचा आवाज थोडा उतरला, पण ते थांबले नाहीत.

गाडीजवळ गेले आणि मला वास आला. हळद शिजतानाचा वास. हंगामात कुरुंद्याच्या कुठल्याही गल्लीत येतो तोच, फक्त तो इथं बॉनेटखालून येत होता. इंजिन निवल्यावर मी झाकण काढलं. हिरव्या कूलंटचं नाव नव्हतं. आतून पिवळा चिखल वर आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडिएटर गळायला लागला तर आमच्याकडचा कुठलाही ड्रायव्हर त्यात चिमूटभर हळद टाकतो. गरम पाण्यात ती फुगते, भोकात जाऊन बसते आणि गाडी घरी पोचते. जखमेला हळद, तशी रेडिएटरला हळद. युक्ती खरी आहे, पण ती घरी पोचण्यापुरती. गळकं भोक कोणतं आणि पाणी वाहायची नळी कोणती, हे हळदीला कळत नाही. दुसरीकडे माणसं चिमूट टाकतात, कारण हळद विकत आणावी लागते. कुरुंद्याला घरात पोती भरलेली. मामांनी रेडिएटर कधी दुरुस्त केलाच नव्हता. गळाला की टाक मूठ, परत गळाला की परत टाक. अर्ध्याहून जास्त नळ्या बुजल्या होत्या. रिकाम्या गाडीला उरलेल्या नळ्या पुरत होत्या. ओझं, ऊन, चढ आणि वाढलेली ताकद एकदम आल्यावर पुरल्या नाहीत.

मी बोटावर तो पिवळा चिखल घेतला आणि मामांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोत्यांकडे. त्यांना कळलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात खिशात फोन वाजला. आई होती. तिच्या कानावर गेलंच होतं.

"काय झालं असंल ते असंल," ती म्हणाली. "चारचौघांत माझ्या दादाला काई बोलू नको. तुला माझी आण हाय."

मी बोट चिंधीला पुसलं आणि गप्प बसले. मला इंजिनाचं वाईट वाटत नव्हतं, इंजिन दुरुस्त होतं. भरल्या बैठकीत माझ्या बाजूनं उभा राहिलेला माणूस भर रस्त्यात माझं नाव बुडवत होता, आणि खोटं बोलतोय हे त्याला माहीत होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

गाडी ओढून दुकानी आणली. इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट गेलं होतं आणि रेडिएटर बाद झाला होता. बातमी मात्र आमच्याआधी सगळीकडे पोचली होती. कॉम्प्युटरनं इंजन जळतं, आणि पोरीनं सख्ख्या मामाची गाडी उकडली. आधी निदान चौकशीला माणसं यायची, आता तीही येईनाशी झाली. कव्हरंवाला मात्र नेमानं यायला लागला. मी आईशी कडाकडा भांडले. तिचं एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, मूठ तुझ्या भावाची आणि दुकान माझं. ती म्हणाली, "तुझं शिक्षण कोणामुळं झालं ते आठव."

बाबा या भांडणात पडले नाहीत. एका दुपारी त्यांनी तो बाद रेडिएटर बाकड्याला टेकवला आणि करवतीनं मधोमध कापला. आत ओळीनं नळ्या, आणि निम्म्याहून जास्त नळ्यांत वाळलेली पिवळी हळद गच्च. त्यांनी बाहेरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि तो अर्धा रेडिएटर तिथं टांगला. कोणी विचारलं की हे काय, तर म्हणायचे, हळद. कोणाच्या गाडीची, तर म्हणायचे, एका गाडीची. आईनं ते पाहिलं आणि काढा म्हणून त्यांच्या मागं लागली. "मी तुझ्या भावाचं नाव घेतलं का?" बाबा म्हणाले, आणि विषय संपवला.

पावसाळ्याच्या तोंडाशी मामांची गाडी तयार झाली. ते न्यायला आले. जय भीम घातला, बाबांनी घेतला, मी काम असल्यासारखी पाठमोरी राहिले. त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा मागवला. ते नेमके त्या रेडिएटरसमोरच बसले आणि सगळा वेळ चहाकडे बघत राहिले. इकडे कव्हरंवाला टेप घेऊन शटर मोजत होता. बाबांनी त्याला महिनाअखेर देतो म्हणून सांगितलं होतं.

"दाजी, हा काय मोजून राहिला?" मामांनी विचारलं.

"शटर देऊन टाकतो त्याला. पोरगी जाईल पुण्याला परत."

"काहून?"

बाबा रुमाल काढून झटकायला लागले. मामांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात दारात पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

शेजारी उतरला. मामांना बघून त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. मला म्हणाला, "ताई, त्या दिवशी चढाच्या आधी यांची गाडी पोत्यांसकट माझ्या पुढं गेली, ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. माझी नवी असून तशी उचलत न्हाई. म्हणून आलो. पण आधी एक सांगा, यांचं इंजन तुमीच जाळलं ना?"

मला आईची आण होती. मी बाबांकडे बघितलं. ते रुमालाची घडी घालत होते. कव्हरंवाल्याचा टेपही थांबला. मी मान खाली घातली.

"ते टांगलेलं दिसून राहिलं ना," मामा म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "ते माझं हाय. हळद म्या टाकली. दोन वर्सं टाकून राहिलो. पोरीनं इचारलं होतं, रेडिएटर गळतो का. म्या न्हाई म्हणलं. माल भरू नका म्हणली, तर पोती भरली. गाडी तिनं बराबर केली होती, नास म्या केला. आन् रस्त्यात खोटं बी मीच बोललो."

शेजारी हसेल असं मला वाटलं होतं. तो रेडिएटरजवळ गेला, वाकून नळ्या बघितल्या, एका नळीतली हळद नखानं खरवडली. मग मामांकडे न बघता हळूच म्हणाला, "आमच्या ट्रॅक्टरमधी बी हाय थोडी."

बाबा मोठ्यानं हसले. मी आतल्या बाजूला गेले आणि चादरीखालच्या मशीनला टेकून पोटभर रडले. बाहेर कव्हरंवाला विचारत होता, "मग मी काय करू?" आणि बाबा त्याला सांगत होते, "तू चहा घेऊन जाय."

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मामा काय म्हणाले ते ऐकताना तिचा हात चालूच होता. तिनं फक्त एवढंच विचारलं, "कोण होतं तिथं?"

"बाबा, कव्हरंवाला आणि बांधाचा शेजारी."

तिचा हात थांबला. "त्याच्यासमोर म्हणला?"

"त्यानंच विचारलं होतं."

"त्याच्यासमोर म्हणला दादा," ती स्वतःशीच म्हणाली आणि पिठाचा हात तसाच डोळ्यांना लावला. तव्यावरची भाकरी करपली. ती मी खाल्ली.